त्यांना म्हणावं, तलाव रिकामा करू नका

त्या घरात सासूबाई आणि जावई एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जावई संकोचाने बायकोला म्हणाला होता, "आईंना विचार, चहा घेणार का?" सासूबाई हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्याही लेकीलाच म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, घेईन." समोरच्याने मर्यादा राखली म्हणून दोघंही खूश झाले, आणि ती मर्यादा पुढे गंजलेल्या नळासारखी घट्ट बसली. आता सोडवायची म्हटलं तर नळच तुटायचा.

लेक मधल्या मध्ये टपाल वाहायची. टपाल वाहणाऱ्याने पाकीट फोडू नये, हा नियम मात्र तिला मान्य नव्हता. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, जाळी फिरवताना डोळे उघडे ठेवले तर कोपऱ्यातली पानंही दिसतात," तर नवऱ्यापर्यंत पोचायचं, "कोपऱ्यात थोडी पानं राहिलीत." नवरा म्हणाला, "आईंना सांग, हौद त्यांचा आणि हमाली माझी," तर आईपर्यंत पोचायचं, "काढतोय तो." घरात शांतता होती ती या काटछाटीच्या जोरावर.

हौद म्हणजे परसातला पोहण्याचा तलाव. सासऱ्यांनी हौसेने बांधला होता. सासरे गेले, तलाव राहिला. सासूबाई त्याला तलाव म्हणत आणि जावई हौद म्हणे, त्यावरून कुणाचा जीव कुठे आहे ते कळावं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. जमिनीवर त्या काठी टेकत खोलीतून न्हाणीघरापर्यंत जायच्या आणि वाटेत एकदा भिंतीशी थांबायच्या. पण रोज सकाळी छातीभर पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा चालायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, बाई कुणाला तरी जाब विचारायला निघाल्यात. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पाण्यातलं चालणं बंद पडलं की चाकाची खुर्ची.

तलावाची उस्तवार जावयाकडे होती. पानं काढायची, तळ घासायचा, गाळणी धुवायची, क्लोरीन घालायचं. काम तो चोख करी आणि कुरकुरही चोख करी.

गेल्या वर्षीच्या वादळात तलाव भरून वाहिला आणि पाणी मागच्या खोलीत शिरलं. त्या खोलीत जावयाचं रेडिओ दुरुस्तीचं काम चाले. गिऱ्हाइकांचे रेडिओ भिजले. एकातून तर दुरुस्तीनंतरही बातम्या गुळण्या केल्यासारख्या ऐकू येत. त्याने निरोप धाडला, हौद बुजवून टाकू. सासूबाई जेवल्या, झोपल्या, उठल्या, पाण्यात चालल्या. मग एका सकाळी लेकीला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पुन्हा एकदा घरात पाणी शिरलं तर बुजवा. मी शब्द काढणार नाही."

हा एकच निरोप लेकीने जसाच्या तसा पोचवला.

यंदा पुन्हा वादळाची सूचना आली. त्याआधीच आठवडाभर पाऊस लागून राहिला होता आणि जमीन पाणी पिऊन टम्म फुगली होती. जावई कामाला लागला. खुर्च्या, कुंड्या, मोठी छत्री, लांब दांड्याची जाळी, जे जे उडेल ते त्याने आत नेलं. क्लोरीनचे डबे कोरड्या फळीवर चढवले. रेडिओ तर सगळेच उंच मांडणीवर गेले. उरला तलाव. तो काठावर उभा राहून विचार करू लागला आणि त्याला एकदम सोपं उत्तर सापडलं. सोप्या उत्तरांनी त्याला आयुष्यात बरंच अवघड काम दिलं होतं, पण माणूस शिकतो थोडाच. हौदच रिकामा केला तर वाहील कसा?

त्याने पंप लावून पाणी फाटकाजवळच्या गटारात सोडलं.

पंपाचा आवाज ऐकून सासूबाई खिडकीशी आल्या. लेक कामावर निघायच्या घाईत होती. ती दवाखान्यात रक्त तपासायची, आणि वादळ आलं म्हणून लोकांचं रक्त थांबत नाही.

"त्यांना म्हणावं, तलाव रिकामा करू नका," सासूबाई म्हणाल्या. "खड्डा खणला तेव्हा खालून पाणी लागलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. जमीन भिजली की तेच पाणी वर रेटतं. आत पाण्याचं वजन नसेल तर सगळा तलाव उखडून वर येईल, चिरफळ्या होतील. पटत नसेल तर रिकामी बादली पाण्यात दाबून बघा म्हणावं."

लेक एका हाताने डब्याचं झाकण लावत होती आणि दुसऱ्या हाताने छत्री शोधत होती. जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "अरे, आई नको म्हणते."

"काय नको?"

"रिकामा करायला. बरं, मी निघते."

जावयाने खांदे उडवले. आईंना तलाव भरलेला हवा, यात नवीन ते काय? पंप चालू राहिला.

पहिली पायरी उघडी पडली. मग दुसरी. सासूबाईंनी लेकीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी त्यांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात न्हाणीघरातली बादली, आणि भिंतीशी न थांबता परसात आल्या.

"त्यांना म्हणावं..." असं म्हणून त्यांनी शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं.

जावईही मागे वळून बघत होता, कुणाला सांगतायत म्हणून.

"अहो," सासूबाई म्हणाल्या. घसा खाकरला. "बंद करा तो पंप."

"का?"

"का ते सांगितलंय सकाळी."

"मला 'नको' एवढंच पोचलं."

"एवढंच? आणि बादली?"

"कसली बादली?"

सासूबाईंनी दवाखान्याच्या दिशेने एकदा बघून घेतलं. मग हातातली बादली पुढे केली. "ही धरा. तोंड वर ठेवा आणि दाबा पाण्यात. आत पाणी जाऊ देऊ नका."

आयुष्यातली पहिलीच सरळ आज्ञा, मोडायची कशी? जावई खालच्या पायरीवर जाऊन बसला आणि बादली दाबू लागला. बादली दबेना. त्याने अंगाचा भार टाकला. बादली हातांखालून निसटली, उसळली आणि तिचा काठ त्याच्या हनुवटीवर बसला.

"हा तुमचा रिकामा हौद," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला हनुवटीवर बसला, मला कुठे बसेल ते बघा."

जावयाने हनुवटी चोळली, मग पंप बंद केला. "म्हणजे भरलेला ठेवायचा आणि माझ्या खोलीत सोडायचा?"

"भरलेला कोण म्हणतंय? वीतभर कमी चालेल."

"हेही सकाळी सांगितलं होतंत?"

"नाही. ते आत्ता तुमचं तोंड बघून सुचलं."

पाणी आता वितीपेक्षा बरंच खाली होतं, पण आभाळ बघता ते भरून यायला वेळ लागणार नव्हता. जावयाने मेन स्विच पाडला, पंपाची मोटार प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने करकचून बांधली. दुपारी वादळ आलं.

मागच्या खोलीच्या खिडकीतून दोघं बघत बसले, एक या कडेला, एक त्या कडेला. वाऱ्याने शेजारचं एक झाड कंबरेतून वाकवलं. तलावातली दुसरी पायरी बुडाली, पहिली बुडाली, मग काठाखालची निळ्या फरशीची पट्टी दिसेनाशी होऊ लागली. वारा ओसरला, पण पाऊस कोसळतच होता. पंप गुंडाळलेला, आणि वीज तर सगळ्या गल्लीचीच गेलेली.

सासूबाई उंबऱ्याकडे बघत होत्या. शब्द दिलेला होता, पाणी आत आलं की तलाव बुजणार.

जावयाला नुसतं बसून राहायचं होतं. रेडिओ वर सुरक्षित होते. थोड्या वेळात पाणी उंबरा ओलांडणार, फरशी पुसली की काम संपलं, आणि उद्यापासून हमालीही. तो उठला, रेनकोट चढवला आणि बागेचा लांब पाईप खांद्यावर घेऊन आला.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"एक टोक धरायला माणूस लागतं."

त्याने सासूबाईंना काठावर स्टुलावर बसवलं, वर छत्री दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली. अख्खा पाईप पाण्यात बुडवून त्याने आतली हवा घालवली. एक टोक पाण्याखाली त्यांच्या हातात, दुसऱ्या टोकावर अंगठा दाबून तो उतारावरून गटाराकडे धावला.

"सोडू का?" सासूबाई ओरडल्या.

"तुम्ही सोडायचं नाही! पाण्याखाली धरायचं!"

"धरलंय! येतंय का?"

"नाही येत!"

"अहो, तुमचा अंगठा काढा!"

अंगठा निघाला आणि पाणी धो धो गटारात पडू लागलं. जावई परत आला तेव्हा निळ्या पट्टीची रेघ अजून दिसेना, पण पाणी चढायचं थांबलं होतं. तो दगडावर बसला. दोघंही नखशिखांत भिजलेले.

"बसून राहिला असतात तर आज जिंकला असतात," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

"इतकी वर्षं तळ घासलाय मी. त्यावर माती ओतायची म्हणजे..." त्याने पाईपकडे बोट दाखवलं. "टोक खाली धरा. वर येतंय तुमचं."

सासूबाईंनी टोक खाली धरलं. पाऊस थांबेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पाणी काठ चाटून गेलं, पण उंबऱ्यापर्यंत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीज आली. तलावात चिखल, फांद्या आणि कुणाची तरी एक चप्पल होती. जावयाने मोटार सोडवली, गाळणी सुरू केली, क्लोरीन घातलं आणि जाळी फिरवू लागला. लेक चहा घेऊन आली.

"आईंना सांग," तो म्हणाला, "औषध जास्त घातलंय. मी सांगेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही."

लेक तोंड उघडणार, तोच खिडकीतून आवाज आला, "ऐकू आलं मला. आणि अहो, जाळी फिरवताना डोळे उघडे ठेवले तर डाव्या कोपऱ्यातली पानंही दिसतात."

लेक कप हातात धरून दोघांच्या मध्ये उभी होती. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.

"हौद तुमचा आणि हमाली माझी," जावई म्हणाला आणि त्याने जाळी डाव्या कोपऱ्याकडे वळवली.