फणस आणि एसीखालचं बावखल

वाळवंटात अळू लावायचं तर एसीच्या पाइपाखाली लावायचं. इथं आखातात, अल बर्शातल्या शैलेंद्र साहेबांच्या व्हिलात मी बाग बघतो. मागच्या भिंतीला एसीचं पाणी दिवसरात्र ठिबकतं, तिथं मी अळू लावलं. मृणालिनी मॅडम खूश. महिन्यातनं दोनदा अळूवडी, त्यातल्या चार माझ्या डब्यात.

त्याच अळवात तो आला. मगरिबची, सूर्यास्ताची अजान चालू होती, मी पाण्याचा पाइप गुंडाळत होतो, आणि पानाखाली खुडखुड. बघतो तर मुठीएवढा गोळा, अंगभर काटे, तोंड काळं, कान मोठाले.

"साळिंदराचं पोर दिसतंय," मी म्हटलं.

मॅडमची शुभ्रा पायरीवर बसली होती. दहा वर्षांची आहे, पण सगळं तिलाच माहीत. "नो अंकल, दॅट्स अ हेजहॉग. पोर्क्युपाइन इज मच बिगर."

"असेल बाई. मला तर कोवळा फणस दिसतो."

झालं, त्याचं नाव फणस पडलं. रोज संध्याकाळी यायचा, झुरळं, रातकिडे कराकरा चावायचा, भिंतीकडचं ओलं चाटायचा. मॅडमनी बशीत दूध ठेवलं तर शुभ्रानं बशीच उचलली. दुधानं याचं पोट बिघडतं म्हणे, नुसतं पाणी द्यायचं.

जुलैत शाळेला सुट्टी लागली आणि सगळे महिनाभर पुण्याला निघाले. गाडीत बसायच्या आधी शुभ्रानं मला बाजूला घेतलं.

"अंकल, प्रॉमिस मी. ही विल बी हियर व्हेन आय कम बॅक."

"इन्शाल्ला."

"नो इन्शाल्ला. व्हेन पप्पा सेज इन्शाल्ला, इट मीन्स नो."

"बरं, दिलं प्रॉमिस. यल्ला, विमान सुटेल."

तिसऱ्या दिवशी रफिक दारात. पेस्ट कंट्रोलवाला, पाठीवर पिवळी टाकी. इथली माणसं गावी जाताना घरात फवारणी करायला सांगून जातात, तसं साहेबांनी बुकिंग केलेलं.

"चाचा, अंदर-बाहर दोनों लिखा है."

मी अळवासमोर उभा राहिलो. "अंदर जितना मारना है मार. बाहर एक बूँद नहीं."

"क्यों, बाहर के कॉकरोच का वीजा लगा है क्या?"

"बाहर उसको खानेवाला रहता है. तेरा जहर कॉकरोच के पेट में, कॉकरोच उसके पेट में. फिर खलास."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बर्नार्डभाऊ, बागेत अजिबात नाही. साहेबांचं मी बघते." रफिकनं कागदावर लिहिलं, बाहर चाचा ने मना किया. खाली माझी सही घेतली आणि पंधरा दिवसांनी दुसरी फेरी आहे असं सांगून गेला.

मी जाम फुगलो. शेजारची मांजरं हाकलली. बॅडमिंटनची जाळी खाली पडलेली असायची, त्यात पाय अडकून मरायचा म्हणून गुंडाळून वर टांगली. आणि मग डोक्यात बावखल आलं.

वसईला आमच्या वाडीत बावखल असतं. छोटं तळंच ते, त्यातलं पाणी केळींना, पानवेलीला. इथं जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एसी असा गळतो, आणि एवढं गोडं पाणी वाळूत जातंय हे बघून वसईवाल्याला चैन पडत नाही. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा स्वच्छ घासला, जादा पाणी अळवाकडे झिरपावं म्हणून निम्म्या उंचीवर भोक पाडलं, काठापर्यंत जमिनीत पुरला, वर पाइप सोडला. अळवालाही पाणी, फणसालाही. व्हिडिओ कॉलवर इसाबेलला, म्हणजे बायकोला, दाखवला.

"पायऱ्या कुठेयत?" ती म्हणाली.

"डब्यात कोण उतरणारेय? तू?"

"बावखलाला पायऱ्या असतात एवढंच म्हटलं. तुमचं नेहमीचंच अर्धवट काम." फोन बंद.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी मी सकाळी सहाला आलो. उन्हाच्या आत काम उरकावं लागतं. रफिक मागोमाग आला. मी डब्यात बघितलं. फणस पाण्यात होता. नाक तेवढं वर, पुढचे पाय गुळगुळीत प्लास्टिकवर टेकलेले, हलत नव्हता. आतल्या भिंतीवर बारीक ओरखडे गोल गोल गेलेले.

उचलला तेव्हा काटे हातात शिरले ते मला कळलंच नाही.

रफिकनं डोकावून बघितलं. "चाचा, मेरे जहर से बचाया, और अपने कुएँ में डुबाया?"

पोरीला काय सांगायचं, तेच डोक्यात. रफिकनंच टाकी उतरवली, गळ्यातला पंचा सोडला, फणसाचं तोंड खाली धरून पाणी निथळवलं आणि पुसून गुंडाळला. स्टोअरमधलं आंब्याचं खोकं आणून त्यात ठेवला, पायरीवरच्या कोवळ्या उन्हात. बाहेर त्याचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. रफिक ओरडला, "पाँच मिनट, मरीज है."

पाचाची वीस झाली. मग खोक्यातून बारीक आवाज आला. फुस्स. थोड्या वेळानं परत, जोरात. फुस्स.

"गाली दे रहा है," रफिक म्हणाला. "मतलब ठीक है."

"तेरे को दे रहा है."

"नहीं चाचा, कुआँ खोदनेवाले को."

त्याच दिवशी डबा उपटला. पसरट खड्डा केला, प्लास्टिक अंथरलं, एका बाजूला विटांच्या तीन पायऱ्या बसवल्या. इसाबेलला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला, नुसता अंगठा. चार संध्याकाळी फणस आला नाही. पाचव्या संध्याकाळी अळवात खुडखुड झाली आणि मी घराच्या मागं एकटाच हसलो.

शुभ्रा आली ती बॅग न उघडता मागं धावली. आम्ही पायरीवर बसलो. तिनं विचारलं, "व्हाय हॅज ही गॉट स्टेअर्स?"

मी सांगितलं सगळं. डबा, ओरखडे, रफिक, आंब्याचं खोकं. मग फणस आला. पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला, तिसरीवर थबकला, पोट घासत घसरला आणि पाणी प्यायला.

"थर्ड स्टेप इज टू हाय, अंकल."

"बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीची वीट दोन बोटं खाली घेऊन बसवली.