डब्याची शुक्रवारची सुट्टी

मित्रांनो, मी एक संगणक आहे, आणि आता जुन्यात जमा. पण शेलार गावातल्या चांगदेवांच्या घरात मला संगणक कोणी म्हणत नाही. सगळे 'डबा' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता कोणी डबा म्हटलं नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

माझे सुटे भाग कुठे कुठे तयार झाले, ते मलाच माहीत नाही. ते जोडले गेले धामणकर नाक्यावरच्या एका दुकानात. पुढची पाच वर्षं तिथल्याच एका लग्नपत्रिकांच्या छापखान्यात काढली. दुपारी दोनला कामाला लागायचं, ते रात्री बारापर्यंत. नवरानवरीची नावं सजवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मग तिथे नवा संगणक आला आणि मी पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली गेलो. वर्षभर कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी चांगदेवांच्या मुलाने, मनोजने, मला विकत घेतलं आणि शेअर रिक्षात मांडीवर बसवून घरी आणलं.

इथे मला मानाचं काम मिळालं. मनोजची आई राहीबाई धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले गाणारी. हळदीचे, तेलाचे, पाठवणीचे असे चाळीस धवले तिला तोंडपाठ, पण कागदावर एकही नाही. गावातल्या कितीतरी मुलींना तिच्या आवाजात हळद लागली. आता तिच्याच मुलीचं, निशाचं लग्न ठरलं होतं. पण नवरीच्या आईला पाटावर बसायचं असतं, विधी करायचे असतात. ती गाणार कशी? म्हणून धवले लिहून शेजारणींच्या हातात द्यायचं ठरलं. रोज सकाळी दहाला राहीबाई भाजी निवडत गायची आणि तिची सून रुचिका माझ्यावर टाइप करायची.

आणि नेमका तेव्हाच मी दगा द्यायचो. मित्रांनो, आम्हा संगणकांना अधूनमधून अपडेट घ्यावे लागतात. त्यासाठी मी आपोआप बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. घरच्यांच्या कामाच्या वेळात असं करायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. पण माझ्या पोटात अजून छापखान्याच्याच वेळा होत्या! सकाळी दहाला माझ्या लेखी सगळे रिकामे. पडदा निळा व्हायचा आणि त्यावर ठिपके गोल गोल फिरू लागायचे.

"बाबा, डबा अडला!" अशी हाक गेली की चांगदेव शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमधून धावत येत. सगळं आयुष्य लूमवर गेलेला माणूस. लूमचा आवाज जरा बदलला की आधी मेन स्विच बंद करायचा, ही त्यांची शिस्त. तीच मला लावली. खटकन बटण खाली! अपडेट अर्धवट राहायचा, मी कसाबसा पुन्हा उठायचो आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. "बाबांचा हात लागला की चालतो," असं वर त्यांचं कौतुक व्हायचं. माझे हाल कुत्रं खात नव्हतं.

हळदीला सहा दिवस उरले असताना, एका शुक्रवारी, नको ते झालं. रुचिका रंगात आली होती, सेव्ह करायला विसरली आणि मी पंधरा धवल्यांसकट डोळे मिटले.

"आई, सगळे गेले हो," रुचिका रडवेली होऊन म्हणाली.

राहीबाईच्या हातातली भाजी तशीच राहिली. "मंग माझी निशा मुक्या मांडवात बसंल काय गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंद लूमचं तेलपाणी करत असलेले चांगदेव तेलकट हातांनीच आले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"थांबा बाबा!" रुचिकाने आज पहिल्यांदाच माझा पडदा नीट वाचला. "अपडेट चालू आहे, बंद करू नका, असं लिहिलंय. आपण रोज याला अर्ध्यातच तोडतोय."

चांगदेव हळूच खुर्चीत टेकले. "म्हंजे हा अडत न्हवता? तेलपाणी मागत व्हता?"

"हो ना!"

"अगो, मंग लूमला शुक्रवारची सुट्टी देतो, तशी यालाबी दे! आज शुक्रवारच हाय. होऊ दे त्याचा सावकाश."

दीड तास ते बटणाजवळ पहारा देत बसले. "साठ टक्के!" "ऐंशी!" अशा आरोळ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होत्या. शंभर झाले तेव्हा घरात टाळ्या पडल्या. मित्रांनो, माझ्यासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या!

मग रुचिकाने माझ्या पोटातल्या वेळा बदलल्या, सकाळी आठ ते रात्री दहा. लग्न पार पडेपर्यंत नवे अपडेट थांबवून ठेवले आणि त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी ते स्वतः सुरू करायचं ठरवलं. राहीबाई गेलेले पंधरा धवले पुन्हा पहिल्यापासून गायला बसली. या खेपेला तिला दोन विसरलेले धवलेही आठवले. प्रत्येक धवला संपला की "ठेवलास काय गो नीट?" असं विचारल्याशिवाय ती पुढचा सुरू करत नसे.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्ही पडद्यावर काय लिहितो ते एकदा वाचत चला. तुमच्या कामाच्या वेळा आम्हाला सांगा आणि एक दिवस आमच्यासाठी ठेवा. मग आम्ही तुम्हाला ऐन वेळी दगा देणार नाही.

हळदीच्या दिवशी माझ्या खोलीची खिडकी उघडी होती. शेजारणी छापून आणलेले कागद धरून गात होत्या आणि निशाला हळद लावता लावता राहीबाईचा हात थांबला. जन्मभर गाणारी ती बाई आज पहिल्यांदाच नुसती ऐकत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"रुचिका," ती म्हणाली, "मना ठावंच न्हवतं गो, आपले धवले एवढे गोड हायत!"