तानीच्या बोटांवरचे वळ

मी पट्टी बोलतेय. सागवानी, बारा इंचांची. मुलांना सरळ रेघ मारता यावी म्हणून सुतारानं मला रंधा मारून गुळगुळीत केलं. पण मी जे केलं, ते सांगताना आजही लाज वाटते.

१९६८ साली कोल्हापुरात, गंगावेशीजवळच्या एका शाळेत, मी अंबादास गुरुजींच्या टेबलावर आले. गुरुजी दुष्ट नव्हते. दुसरीच्या मुलांना गणित यावं म्हणून जीव तोडून शिकवायचे. फक्त कुणी बोटांवर मोजलं की त्यांचं डोकं फिरायचं आणि हात माझ्याकडे यायचा.

तानी ही घरोघर दूध घालणाऱ्या बनाबाईची मुलगी. एकदा गुरुजींनी तिला विचारलं, "आठात दोन किती वेळा जातात?" तिची बोटं हळूच हलली.

"हात पुढं कर!"

मी उभ्या धारेनं तिच्या बोटांवर पडले. एकदा, दोनदा, पाचदा. ती रडली नाही. तिच्या पेरांचं हाड मला लागलं आणि तरी मी पुन्हा वर गेले.

दुसऱ्या दिवसापासून तानी शाळेत आली नाही. आठवड्यानं गुरुजी तिच्या घरी निघाले. सवयीनं मी त्यांच्या काखेत.

अंगणात तानी धाकट्या बहिणीला सागरगोटे शिकवत होती. "एक वर उडवायचा. खाली आठ हायत. दोन-दोन उचललं तर चार डाव. तीन-तीन उचललं तर दोन डाव, आन् दोन उरत्यात."

गुरुजी दारातच थांबले. ती डाव्या हातानं खेळत होती.

बनाबाई म्हशीजवळून उठली. "उजवा हात अजून मिटत न्हाय तिचा, गुरुजी. साळंला आता न्हाय धाडायची. म्हशी राखंल की."

गुरुजी चपला काढून तानीसमोर मातीत बसले. "मला शिकवशील हा डाव?"

तिनं मला पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"माझं चुकलं, बाळ," गुरुजी म्हणाले. मला त्यांनी दूर, गोठ्याच्या भिंतीशी ठेवलं.

पुन्हा कुणाला मारणार नाही, असं वचन बनाबाईला देऊन त्यांनी मला परत नेलं, आणि तानी शाळेत परत आली. गणिताचा तास पटांगणात भरू लागला. सागरगोट्यांतून भागाकार, लंगडीच्या घरांतून पाढे. उड्यांची लांबी मोजायला गुरुजी मला मुलांच्या हाती देत. तानीची पाळी आली की ती म्हणे, "मी वितीनं मोजतो, गुरुजी." चौथी होऊन ती गेली, पण तिनं मला कधीच हात लावला नाही.

आता गुरुजी निवृत्त झालेत. त्यांची नात नंदिनी माझ्याशी खेळते. ती बोटांवर मोजते आणि गुरुजी शांतपणे वाट बघतात. तुमच्या घरातलं मूल बोटांवर मोजत असेल, तर तुम्हीही थोडं थांबा.

काल बाहुलीची उंची मोजून झाल्यावर नंदिनी मला गालाशी धरून झोपली. मी काय केलंय, ते तिला कुणी सांगितलेलं नाही. तिचा तो मऊ गाल मला सोसवला नाही.