सोसण्याचं मागणं

"मामी, बाजूले व्हा," याकोब सासूला म्हणाला. "मी मायी बायको न्यायले आलो."

रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. अकोल्यातल्या त्या लहानशा चर्चच्या आवारात चपला शोधणारी माणसं जागीच थबकली. सलोमीबाईच्या पाठीमागं तिची लेक एस्तेर उभी होती. डावा हात प्लास्टरमध्ये. परवाच ती अमरावतीहून एसटीनं एकटी आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी.

पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले. मऊ आवाजात म्हणाले, "सलोमीबाई, यानं माझ्यासमोर क्षमा मागितली आहे. देवानं बांधलेला संसार आहे. जाऊ द्या तिला. प्रार्थना करा, देव सांभाळील."

सलोमीबाई नकळत एक पाऊल मागं सरकली. मार तिच्या ओळखीचा होता. नवरा जिवंत असताना दाराशी सायकल टेकल्याचा आवाज आला, की ती चुलीपाशी डोळे मिटून पुटपुटायची, देवा, सोसायची ताकद दे. ताकद मिळालीही. मंडळी म्हणायची, केवढी श्रद्धा बाईची! आता लेकीचा हात पाहून तिला उमगलं. जन्मभर तिनं देवाजवळ सोसणंच मागितलं होतं. हा मार थांबव, असं कधी म्हटलंच नव्हतं. आणि ते मागणं तिला शिकवलं कोणी? ह्याच पायऱ्यांवरून, अशाच मऊ आवाजात.

ह्या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत.

"देवा, मायासमोर उभा राह्य," ती मोठ्यानं म्हणाली. "आता सोसायचं नाई मांगत. हे भेव काढून घे."

याकोबानं हात उगारला.

"मार! देव पाहून राह्यला. हे सारे बी पाहून राह्यले. मी आता काई झाकत नाई."

हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला. मागं सरकलेलं पाऊल सलोमीबाईनं पुन्हा पुढं टाकलं.

"सलोमीबाई, हे देवाचं घर आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आवाज..."

"देवाचं घर हाय म्हनूनच बोलून राह्यली, साहेब! त्याच्या दारातून मी लेकराले मरायले धाडू काय? मायी पोरगी कोंबडी नाई, कोनंबी पाय धरून न्यायले!"

उपासनेत पेटी वाजवणाऱ्या बेबीताईनं फाटकातून हाक मारली, "सलोमी, ऑटो थांबवला मी. चला."

पोलीस ठाण्यातला हवालदार चहा पीत होता. "मावशी, नवरा-बायकोचं भांडन हाय. सोडा न. समजूत घाला."

सलोमीबाईनं लेकीला बाकावर बसवलं, आणि कोणी बस म्हणायच्या आत स्वतः खुर्ची ओढून बसली. "लिवा."

हवालदारानं कुरकुरत पेन काढलं. "कवापासून मारते नवरा?"

एस्तेरनं आईकडे पाहिलं. आईनं मानेनंच सांग म्हटलं.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून," एस्तेर म्हणाली.

सलोमीबाई खुर्चीवरून उठून लेकीजवळ बाकावर जाऊन बसली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.