वीणेचा पहारा

"खांदा दे इकडं. आन् ध्यानात हाय ना, वीणा भुईला टेकली न्हाई पायजे. तोंडात नावाबिगर दुसरं काय येता कामा न्हाई."

असं म्हणत चिमाजीनं आपल्या गळ्यातली वीणा काढून रंगरावाच्या गळ्यात घातली. दिघीच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. दिवसरात्र नाम चालायचं, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जात राहायची.

"मला काय शिकवतो? तू लंगोटीत व्हतास तवापासून उभा ऱ्हातोय म्या."

"मंग बोलून घे आत्ताच काय बोलायचं ते. न्हाई म्हंजी, घरात तर कुणी बोलत न्हाई तुझ्यासंगं," चिमाजी डोळा मिचकावून म्हणाला.

रंगराव हसला नाही. त्यानं दांडी डाव्या खांद्याशी धरली, उजव्या बोटानं तार छेडली आणि डोळे मिटले. "राम कृष्ण हरी."

चिमाजी म्हणाला ते खरंच होतं. दिवाळीपासून दुर्गाबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायची, पाणी तापवून द्यायची, पण शब्द नाही. कारण एकच, ज्योतीराम. त्यांचा एकुलता एक मुलगा लष्करात जखमींना उचलून आणणाऱ्या पलटणीत होता. दूर कोरिया नावाच्या मुलखात लढाई जुंपली, तेव्हा हिंदुस्थाननं लढायला कुणी पाठवलं नाही. पाठवली ती ही दवाखान्याची पलटण. दसऱ्याला पोरगा रजेवर आला, तेव्हा आई म्हणाली, "पाय मोडला म्हणून सांग, पर जाऊ नगंस." आणि बाप म्हणाला, "जखमी माणसाच्या तोंडात पाणी घालायला चाललाय त्यो. असं पुण्य देव कुणाला घरबसल्या देत न्हाई. जाऊ दे त्याला."

कीर्तनात जन्म गेलेला माणूस. त्याच्या तोंडातून दुसरं काय निघणार?

वडिलोपार्जित जमिनीतला मोठा तुकडा लष्कराच्या कुंपणात गेल्यावर रंगराव देहूरोडच्या डेपोत हमाली करू लागला होता. ओझं कसं घ्यावं, कसं ठेवावं, हे त्याच्या खांद्यांना माहीत होतं. म्हणून ज्योतीरामनं अंगणात जखमीची झोळी कशी उचलतात ते करून दाखवलं, तेव्हा त्याला मोठी गंमत वाटली. पोरानं आईला बाजेवर निजवलं, एका टोकाला स्वतः, दुसऱ्या टोकाला बाप. "बापू, पावलाला पाऊल जुळवायचं न्हाई. जुळलं की झोळी हिंदकळते." दुर्गाबाई बाजेवरून ओरडत होती, "आरं मेल्यांनो, पाडाल मला!" शेजारची बायामाणसं पोट धरून हसली होती.

देवळाच्या पारावर अर्जुनराव येऊन बसला. मागच्या लढाईत इटलीला जाऊन आलेला हवालदार, आता गावात किराण्याचं दुकान. चिंचवडला मालाला गेला की पेपर घेऊन यायचा आणि पारावर वाचायचा. आज त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काय लिवलंय? वाच की," चिमाजी म्हणाला.

"लिवलंय वंगाळच. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणाला, कोरियात अणुबाँब वापरायचा इचार पहिल्यापासून चालूच हाय."

"त्यो जपानवर टाकलेला?"

"त्योच. एक टाकला की शहर साफ."

रंगरावाचे डोळे उघडले. राम कृष्ण हरी.

"पर परवा तर म्हणालास, अमेरिका जिंकतीया!"

"जिंकत व्हती म्हणून तर घोळ झाला. दोन कोरियांच्या मधल्या रेषेवर थांबायचं, तर ह्यांना चेव आला. गेले वर, पार चीनच्या शिवंपातूर. दिल्लीनं सांगितलं व्हतं, पुढं जाऊ नगा, चीन उतरंल. कुणी ऐकतंय? आता उतरला चीन, आन् हे बर्फातनं माघारी पळतायत. पळता पळता म्हणतायत, बाँब टाकू."

"मंग रशिया गप बसंल व्हय?"

"न्हाई बसणार. तिसरी लढाई पेटंल. मग हितं दिघीत बसून तरी काय सुटका हाय?"

"आन् आपली पोरं? झोळीवाली?"

"त्यांच्या गाडीवर तांबडी फुली असती. पर आभाळातनं पडणाऱ्याला काय फुली दिसती?"

बोलून गेल्यावर अर्जुनरावाच्या ध्यानात आलं की चार हातांवर ज्योतीरामचा बाप उभा आहे. त्यानं जीभ चावली, पेपरची घडी घातली आणि मांडीखाली सारली.

रंगरावाला विचारायचं होतं. आपली पलटण वर गेलेल्यांबरोबर होती का? माघारी निघाली का? पण गळ्यात वीणा होती. तार वाजत होती, नाम चालू होतं, आणि नामाच्या आत काहीतरी घुशीसारखं उकरत होतं. पाय एका जागी ठरेनात. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर.

दिवेलागणीला यशवंतराव पहारा घ्यायला आला. हात पुढे केले. रंगरावानं मान हलवली.

"आरं, तुझी पाळी झाली. दे."

रंगरावानं पुन्हा मान हलवली. यशवंतराव बाजूला झाला. लोकांना वाटलं, भक्ती. भक्ती होतीच, पण अजून एक गोष्ट होती आणि ती रंगराव देवालाही सांगायला धजला नसता. वीणा गळ्यात आहे तोवर कुणी आपल्याशी बोलणार नाही. पोराचं जे काही सांगायचं असेल, ते कुणाला आपल्याला सांगता येणार नाही.

आळंदीचे सोपानबुवा कीर्तनाला उभे राहिले. आधी वाकून त्यांनी वीणेकऱ्याच्या पायांना हात लावला. पाय थरथरताना त्यांना जाणवले असावेत, कारण त्यांनी क्षणभर वर बघितलं. मग टाळ घुमले, पेट्रोमॅक्सभोवती किडे घुमले, आणि बुवांनी दृष्टांत घेतला.

"एका शेतकऱ्याच्या ज्वारीत रानडुक्कर शिरलं. हाकलायला पाहिजे की नको?"

"पायजे!"

"यानं टेंभा पेटवला, आरोळ्या ठोकत धावला. डुक्कर बांधावरून पलीकडं पळालं. पीक वाचलं. आता यानं काय करावं?"

"घरी जावं!"

"तुम्ही शहाणे आहात बाबांनो. याला वाटलं, आता त्याचा निकालच लावतो. टेंभ्यासकट बांध ओलांडला. शेजारी ओरडतोय, अरे, माझं रान वाळलंय! हा म्हणतो, तू घाबरू नकोस, मी फक्त डुकराच्या मागं आलोय."

लोक खळखळून हसले.

"शेजारी काठ्या घेऊन उठले. मग यानं टेंभा विझवला का? नाही. म्हणाला, मागं सरा, नाहीतर सगळं रान पेटवतो! आणि मायबाप, त्याच रानात चिमणीची पिल्लं होती. त्यांचं डुकराशी वैर नव्हतं, की टेंभेवाल्याशी."

हसू विरलं. रंगरावाचं बोट तारेवरून घसरलं.

तेवढ्यात रस्त्यावर उजेड पडला. लष्कराची जीप. दिघीत जीप नवी नव्हती, पण ती देवळापाशी कधी थांबत नसे. आज थांबली. वर्दीतला उंच माणूस उतरला, सरळ देवळाकडे आला, पायरीशी वाकून बूट काढू लागला.

टाळ एकेक करत बंद पडले. बायांच्या घोळक्यात दुर्गाबाई उठून उभी राहिली. कुणी तिचा हात धरला, तो तिनं झटकला. रंगराव एकटाच वाजवत राहिला. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. अजून नाही. वीणा आहे गळ्यात. अजून नाही.

त्या माणसानं देवाला हात जोडले. सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना. ओशाळून म्हणाला, "बाबाजी, पानी मिलेगा? गाडी गरम हो गयी है."

चिमाजी एवढ्या मोठ्यानं हसला की त्याला ठसका लागला. दुर्गाबाई मात्र हसली नाही. ती रांजणाकडे गेली, घागर भरली आणि त्या परक्या पोराच्या हातात दिली. तो जीपकडे जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं तांब्या भरला, माणसांमधून वाट काढत वीणेपाशी आली आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. वीणेकऱ्याच्या पायांवर सगळेच ठेवतात. ती मात्र लवकर उठली नाही.

उठली तेव्हा म्हणाली, "पाय कापत्यात तुमचे."

दिवाळीनंतरचे तिचे पहिले शब्द. रंगराव नामावरच राहिला.

"आपला पोरगा काय म्हणाला व्हता अंगणात? ईसरलात? दमलं की सांगायचं, दुसरा घेतो. त्यात कमीपणा न्हाई. न्हाई सांगितलं, तर झोळीतला पडतो."

तार थांबली. यशवंतराव मागेच उभा होता. त्यानं दांडी पकडली, पट्टा रंगरावाच्या डोक्यावरून उचलला, आणि वीणा भुईला न टेकता त्याच्या गळ्यात गेली. टाळ पुन्हा सुरू झाले.

रंगराव खांबाला टेकून बसला. दुर्गाबाईनं वरून धार धरली. तो ओंजळीनं पाणी प्यायला. अर्धं सांडलं, तिनं पदरानं पुसलं.

"भावजी," तिनं अर्जुनरावाला हाक मारली, "त्यो पेपर आणा हिकडं. पहिल्यापासनं वाचा. काय बी गाळू नगा."

अर्जुनराव पेट्रोमॅक्सच्या उजेडाला सरकून बसला. दोघं शेजारी शेजारी ऐकू लागली. रंगरावाचा डावा हात अजून खांद्यापाशीच होता, मूठ मिटलेली, काहीतरी धरल्यासारखी.