माईकपाशी गप्प

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. डाव्या कानाला चिकटपट्टी लावली आहे, उजवा मधूनमधून खरखरतो. माईक मात्र ठणठणीत आहे. लातूरच्या एका दुकानातून रविकांत नावाच्या शिक्षकांनी मला लेकीसाठी घेतले, तेव्हापासूनचे मला आठवते.

लेकीचे नाव लुंबिनी. तेव्हा ती बारावीच्या क्लासला जायची. गणित सोडवताना ओठसुद्धा हलता कामा नयेत, असा तिथल्या सरांचा नियम होता. तो तिने इतका अंगी बाणवला की सर तिचे उदाहरण देत. घरी ती माझ्यातून व्हिडिओ ऐकायची. माझा माईक बिनकामाचाच होता.

पुढे नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून ती इंजिनिअर झाली आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी घरूनच मुलाखती देऊ लागली. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी तिला प्रोग्राम लिहायला दिला आणि विचार करताना बोलत राहा, असे बजावले. लुंबिनीने मान डोलावली आणि जी गप्प झाली, ती प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत. मी इमानेइतबारे ती शांतता पोचवत राहिलो.

नकार आला. सोबत अभिप्राय होता: उत्तर बरोबर आहे, पण उमेदवार विचार कसा करते ते कळले नाही. उत्तर बरोबर असून नापास, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. तिने मला टेबलावर आपटले. डावा कान तेव्हाच गेला. मला राग नाही आला, वाईट वाटले.

दुसऱ्या कंपनीनेही तेच कळवले. आता एकच मुलाखत उरली होती. तीही गेली तर बी.एड. कर, असे रविकांतांनी सांगून टाकले.

तिची आई सुमनबाई किल्लारीजवळच्या गावची. भूकंपात, लहानपणी, ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती. त्याविषयी ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "मी हाका मारीत राहिले व्हते माय, म्हणून लोकाला घावले. शेजारची गुणा बी जिती असंल. तिचा आवाजच न्हाई आला."

लुंबिनीने मेथीची जुडी पुढे ओढली.

शेवटच्या मुलाखतीत मात्र ती बोलली. अडखळत, पण थांबली नाही. "इथं माझं चुकायलंय. थांबा, दुसऱ्या बाजूनं बघते." पलीकडून हुंकार येत होते. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच खरे काम मिळाले.

नोकरी लागली. कंपनीने तिला नवा हेडफोन दिला. मी आता खिळ्याला लटकतो. मित्रांनो, आम्हाला वायर धरून ओढू नका, आपटू तर नकाच. आणि माईकपाशी गप्प बसू नका. तुम्ही आत आहात, हे पलीकडच्याला कसे कळणार?