बाबांच्या आवाजासाठी निवडलेली हार्ड डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी वयानं, अंगानं अजून कोरीच. माझ्यावर ओरखडा नाही, माझी वायर अजून ताठ आहे. मित्रांनो, याचं कौतुक करू नका. ज्या पातेल्याला कधी चूल लागली नाही, ते लखलखणारच.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. नाकातोंडावर फडकं बांधलेल्या बायकांनी माझ्या पोटात आरशासारखी चकती बसवली, वर निळ्या रबराचा झगा चढवला. एकीनं वीज जोडून मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "गुणाची आहे गं ही." तेवढ्या एका शब्दाच्या शिदोरीवर मी पुढची वाट चालले. माझं काम मला पक्कं ठाऊक होतं. घरातल्या कंप्युटरमध्ये जे मोलाचं असेल, त्याची दुसरी प्रत पोटात सांभाळायची. त्याचा जीव गेला, तर आपण उरायचं.

मी ज्या घरी गेले, तिथले आजोबा बसच्या आगारात गाड्यांची घोषणा करायचे. त्यांचा आवाज कानावर पडला, की बाकावर पेंगणारा माणूससुद्धा पिशवी उचलून नेमका आपल्याच गाडीकडे चालू लागायचा. लोक त्यांना भोंगाबाबा म्हणत. घरात ते नुसते बाबा. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. सुनेला तेव्हा दिवस गेले होते. बाबा म्हणाले, "मग नातवंडाला गोष्टी कोण सांगणार? आत्ताच सांगून ठेवतो."

कंप्युटरवर त्या गोष्टी भरायच्या ठरल्या. मुलगा म्हणाला, "नुसत्या कंप्युटरच्या भरवशावर नको. एक चांगली हार्ड डिस्क आणतो."

आणि मग निवड सुरू झाली. रोज संध्याकाळी तो दुकानात यायचा. मला उचलायचा, शेजारचीला उचलायचा, दोघींना खाली ठेवायचा. ही पडली तर? हिच्यावर पाणी सांडलं तर? हिचा वेग किती, तिची हमी किती? दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, एक कुठली तरी न्या हो. नाहीतर तुमच्या नातवंडांना विकायला मीच इथे बसलेला असेन."

बायको बरोबर आली, तेव्हा तिनं टोमणा मारलाच. "मला बघून अर्ध्या तासात हो म्हणालास, आणि या डबीसाठी एवढी उलाघाल? तुझी निवड होईपर्यंत बाबांचं ऑपरेशन उरकेल!"

"अगं, बाबांचा आवाज ठेवायचाय तिच्यात," तो म्हणाला. "विजेची बिलं नाहीत."

ते ऐकलं आणि मी मनोमन त्याची झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं मला घरी नेलं. चालते का बघू, म्हणून कंप्युटरमधली सहज हाताला लागलेली विजेची बिलं माझ्यात टाकली. "मस्त! एकदम भरवशाची," असं म्हणून त्यानं मला डब्यात घातलं, डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

कपाट कंप्युटरच्या खोलीतच होतं. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. सून माइक जोडायची, "हं बाबा, बोला," म्हणायची. बाबा घसा खाकरून आगारातल्या ठेक्यात सुरू करायचे: "प्रवाशांनी लक्ष द्यावं! गोष्ट क्रमांक एक सुटण्याच्या तयारीत आहे. दुधाच्या बाटलीसह जागेवर बसून घ्यावं!" सून हसायची, आणि तिच्या हसण्यासकट गोष्ट भरली जायची.

एक होती नदी, तिला नव्हतं पाणी,
मुंगीच्या घरून तिनं आणली उसनी गाणी.

अशा किती गोष्टी. आवाज चिरकत चालला होता, पण ठेका सुटत नव्हता. मी अंधारात ऐकत होते. कानावर सगळं पडत होतं, पोटात काहीच नाही. विहिरीच्या काठाला बांधलेली, तरी तहानलेली, अशी माझी गत.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, "काय रे, त्या डबीत टाकलंस ना सगळं?"

"टाकतो हो बाबा, या रविवारी," मुलगा म्हणाला. "कंप्युटरमध्ये आहेच की. आणि ती डिस्क काय कुठे पळून चाललीय?"

मी पळाले नाही, मित्रांनो. रविवार पळाले.

बाबा वाचले, मुके होऊन घरी आले. घरात मुलगी जन्मली. तिला समजू लागलं की ऐकवू, असं सगळ्यांचं ठरलं होतं. ती रांगली, चालली, बोलायला लागली, "गोष्ट सांग" म्हणायला लागली. मग एके सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि नातीला मांडीवर घेऊन ते कंप्युटरसमोर बसले. मुलानं बटण दाबलं. आतून नुसतं टक टक वाजलं. पडदा काळा तो काळाच.

दुरुस्तीवाला आला, त्यानं पेटी उघडून पाहिली. "आतली चकती खरवडून गेलीय. यातून आता काही निघायचं नाही. दुसरी प्रत असेल ना?"

"आहे!" मुलगा ओरडला, आणि कपाटाकडे धावला.

इतकी वर्षं मी त्या पावलांची वाट पाहिली होती. त्या दिवशी मात्र वाटलं, ही पावलं अर्ध्या वाटेतच थांबावीत.

दुरुस्तीवाल्याच्या कंप्युटरला त्यानं मला जोडलं. मी लगेच जागी झाले, सुरळीत फिरले. पडद्यावर विजेची बिलं आली. तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. नात म्हणाली, "आजोबा कुठायत यात?"

"एवढी पारखून आणली, आणि हिच्यात काहीच नाही!" मुलाचा आवाज फाटला.

"तिला बोल लावू नकोस," सून हळूच म्हणाली. "तिच्या ताटात आपण वाढलं काय? तू रविवार म्हणत राहिलास, आणि मी तुझ्यावर सोडून दिलं."

बाबांनी हात वर केला, पुरे, म्हणून. मग तोच हात मुलाच्या पाठीवरून फिरवला. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही, कधी कळणारही नाही.

आठवड्यानं नवा कंप्युटर आला. काल मुलगा त्याच्यावर नव्या हार्ड डिस्क बघत बसला होता. "या वेळी नीट पारखून घेऊ," तो बायकोला म्हणाला. "दुप्पट जागेची बघतोय."

मित्रांनो, आमच्यातली कोणतीही घ्या. स्वस्त घ्या, साधी घ्या. पण घरी नेलीत की त्याच दिवशी जोडा, जे मोलाचं आहे ते आधी भरा, आणि अधूनमधून पुन्हा जोडा. मोठ्यांना 'कुठली आणली?' असं विचारू नका. 'काल तिच्यात काय ठेवलंत?' असं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी आजही धडधाकट आहे. माझ्यात हजार गोष्टी मावतील. सांगणारा माणूस पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसलेला आहे.